मी दिलेली माफी

पिपरी मेघेतल्या त्या झेरॉक्सवाल्या ताईंचं नाव मी कधी विचारलं नाही. आता विचारायला तोंड नाही. कुणाचाही पेन ड्राइव्ह आला की त्या आधी ओढणीनं पुसायच्या, व्हायरस तपासायच्या, मगच प्रिंट काढायच्या.

मी घाईत होतो. "ताई, मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. माझ्या पेन ड्राइव्हमध्ये शिरायची व्हायरसची हिंमत आहे का?"

"बरं सर," म्हणत त्यांनी तपासणी सोडली.

घरी येऊन पाहिलं, तर व्हायरस आत आधीपासूनच आरामात नांदत होता. दुसऱ्या दिवशी कबूल करायला गेलो. तोवर तो ताईंच्या कॉम्प्युटरमधून चार गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमध्ये पोचला होता. कुणाचा प्रबंध गायब, कुणाचे नोकरीचे अर्ज.

"आता कोन येईन तुमच्या दुकानात?" दुकानात जमलेल्या त्या चौघांतला एकजण ओरडत होता.

मला पाहताच ताईंनी हात जोडले. "सर, तुमच्या पेन ड्राइव्हलेही लागला असन. तुम्ही तं चांगला आणलता, माह्याच मशीननं खराब केला. माफ करजा."

चौघेही माझ्याकडे बघू लागले. आणि मी, कॉम्प्युटरच्या मास्तरानं, मोठ्या मनानं ताईंना माफ केलं.