सुरुंगवाले हवालदार आणि गावाचं सोनं

नुकत्याच उकरलेल्या मातीवर हवालदार कधी पाय ठेवत नसत. कुणी दारात रोपाला आळं केलं, तरी वळसा घालून जात. फौजेत शत्रूने पेरलेले सुरुंग शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. "भुसभुशीत माती दिसली की पाय आपसूक थांबतो," म्हणायचे. काष्टीजवळच्या आमच्या गावात सगळे त्यांना सुरुंगवाले हवालदार म्हणत. मी तिथल्या शाळेत शिक्षिका होते आणि त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होते.

पेन्शनीत आल्यावर त्यांनी नगरच्या जुन्या बाजारातून एक मोडकं यंत्र आणून दुरुस्त केलं. लांब दांडा, खाली ताटलीएवढी चकती, कानाला हेडफोन. मातीखाली धातू असला की ते घुमायचं. बहात्तरच्या दुष्काळात रानं पडीक होती. हवालदार मालकाला विचारून सकाळभर फिरत. घोड्याचे नाल मिळत, कधी बंदुकीची शिशाची गोळी. एकदा नाल माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "बाई, ह्यो निसटला तवा घोडा लंगडला आसंल. त्याच्यावरचा मानूस घरी पोचला का न्हाई, कुनाला ठावं?"

गावाला हे पटत नव्हतं. "नालासाठी कोन उन्हात मरतंय? गुप्तधन हाय त्याच्या डोक्यात," असं पारावर चालायचं. हवालदार कुठे खाली वाकले की बांधावर दोघं-तिघं येऊन उभे राहत. त्यांच्या बायकोला मी मामी म्हणे. मामींनी नवं लुगडं नेसलं, तर विहिरीवर तोच विषय.

मग एकदा सरपंचांच्या माळावर यंत्र जोरात घुमलं. हवालदारांनी खणलं नाही. तिथे काठी रोवून सरपंचांना आणि तलाठ्याला बोलावणं धाडलं, आणि सगळ्यांदेखत उकरलं. तांब्याचा तांब्या निघाला. आत शिवराया, जुनी तांब्याची नाणी, हिरव्या पडून एकमेकींना चिकटलेल्या. हवालदारांच्या चेहऱ्यावर मी तेवढा आनंद पुन्हा पाहिला नाही. तलाठी पंचनामा करून तो तांब्या तालुक्याला घेऊन गेला. संध्याकाळपर्यंत गावात पक्कं झालं होतं: तांब्यात वर सोनं होतं, ते हवालदारांनी आधीच काढलं.

त्याच आठवड्यात सरपंच चार माणसं घेऊन दारात आले. आवाज ऐकून मीही गेले.

"हवालदार, लोकांचा संशय हाय. एकडाव घर बघू द्या."

हवालदारांनी यंत्र आणलं आणि हेडफोन सरपंचांच्या कानाला लावला. "मी हात लावत न्हाई. तुमीच फिरवा."

पुढची खोली झाली. स्वयंपाकघरात चुलीमागे सरपंच थबकले. सगळ्यांनी हवालदारांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते, आमच्याइतकेच चकित होऊन. एकाने उकरलं. चिंधीत बांधलेले, हातात घालायचे चांदीचे गोठ निघाले.

मामी पुढे आल्या. "माझ्या आईचं हायती. ह्या यंत्रापायी ह्यांनी माझं तोडं सोनाराकडं मोडलं. म्हनून हे पुरलं. ह्यांच्याच भ्यानं."

सरपंच हेडफोन काढून ठेवून माणसं घेऊन निघून गेले. हवालदारांनी गोठ उपरण्याला पुसून मामींच्या ओंजळीत ठेवले.

"हितं कवा फिरवलंच न्हाई मी," ते म्हणाले. "आपल्या घरात कोन शोधतं?"

यंत्र त्यांनी पुन्हा बाहेर काढलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात दोघं कायमची श्रीरामपूरला लेकीकडे निघाली. मी एसटीपर्यंत गेले होते. गावातल्या दोघांनी त्यांची ट्रंक टपावर चढवली. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "लई जड हाय रं."

हवालदार ऐकून न ऐकल्यासारखे बसून राहिले. मामींनी मात्र कनवटीची किल्ली काढून खिडकीतून हात बाहेर केला. "जड हाय ना? मग उघडून बघा. आमी थांबतो."

किल्ली कुणी घेतली नाही. पण गाडी वळणाआड जाईपर्यंत ते दोघं टपावरच्या ट्रंकेकडे बघत उभे होते.