पठ्ठ्यांना घातलेली ज्वारी

शर्यतीच्या कबुतरांना आदल्या संध्याकाळी अर्धपोटी ठेवतात, हे मला लग्नानंतर कळलं आणि कळलं त्याच दिवशी मी सासऱ्यांशी भांडले. नवी सून, डोक्यावर पदर आणि तोंड हे एवढं. "मुक्या जिवाले उपाशी ठेवता आन् वरतून साठ मैल उडवता?" असं मी म्हणाले. मैल मी अंदाजाने ठोकून दिले होते. माझं माहेर अमडापूरचं, आमच्याकडे बोलताना कुणी मोजमाप घेत बसत नाही. सासूबाईंनी स्वयंपाकघरातून डोळे वटारले, पण मामाजी, म्हणजे सासरे, नुसते हसले. "पोट भरलेलं पाखरू वाटेत झाडावर बसते, पोरी. घरच्या दाण्याची आठवण राह्यली तरच ते सुधं घरी येते," ते म्हणाले.

मला ते पटलं नाही, पण लक्षात राहिलं.

देऊळगाव राजाला आमचं घर बाजाराच्या मागे आहे आणि घराच्या गच्चीवर कबुतरांची ढाबळ. पहिल्या वर्षी माझ्या वाळत घातलेल्या कुरडयांवर त्या पाखरांनी काय काय केलं ते सांगत नाही. मी ती ढाबळ उचलून रस्त्यावर फेकायला निघाले होते. मामाजींनी एक फडा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "फेकाच्या आधी एकदा झाडून पाह्य." म्हातारा लबाड. झाडता झाडता मला कोणती मादी कुणाची, कोण मारकं, कोण आळशी हे कळायला लागलं आणि मी अडकले. नवऱ्याला या सगळ्याचं काही देणंघेणं नाही. तो पिकअप चालवतो, आमच्या आणि शेजाऱ्यांच्या शेतातली वांगी, टोमॅटो, कोथिंबीर जालन्याच्या मार्केटला नेतो. कबुतरांना तो 'तुमची पोरं' म्हणतो.

गावात कबुतरं पाळणारी अजून चार-पाच घरं आहेत. थंडीत दर पंधरवड्याला एका रविवारी शर्यत. सगळ्यांची पाखरं टोमॅटोच्या कॅरेटमध्ये भरायची, वर दुसरं कॅरेट पालथं घालून सुतळीने बांधायचं आणि आमच्या पिकअपमधून पाठवायची. जालन्यात भाजी उतरली की गाडी पुढे अंबडच्या पलीकडच्या माळावर जाते. तिथे पाखरं सोडायची. ज्याचं पाखरू आधी घरी पोचेल त्याने पायातल्या कडीचा फोटो ग्रुपवर टाकायचा, वेळ आपोआप कळते. सोडायला जाण्याची पाळी घरोघर फिरते. आणि नियम असा की सोडणारा सांगेल ते शेवटचं. त्याच्यासोबत ज्वारीची पिशवी आणि पाण्याचा कॅन द्यायचाच, म्हणजे हवा बिघडली तर पाखरांना चारून परत आणता यावं. हा नियम मामाजींनीच घालून दिलेला. माझ्या आठवणीत ती पिशवी कधी कुणी उघडलेली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात आमची पाळी आली तेव्हा मामाजी जाऊ शकत नव्हते. त्यांच्या एका डोळ्याचं काम कधीच संपलं होतं आणि दुसऱ्यासमोरही जाळी धरायला लागली होती. संभाजीनगरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की आहे तेवढं टिकवू, वाढवता येणार नाही. उजेडाच्या बाजूला तोंड केलं की त्यांना उडतं पाखरू अजून दिसायचं, सावलीतला माणूस मात्र ओळखू येत नव्हता. तेव्हा गेले मी.

ती शर्यत पठ्ठ्यांची होती. वर्षाच्या आतल्या कबुतराला आमच्यात पठ्ठा म्हणतात. आमचे चार पठ्ठे होते, मामाजींच्या सगळ्यात लाडक्या जोडीचे. त्या जोडीतला नर पावसाळ्यात मेला आणि मादीने अंडी घालणं थांबवलं. म्हणजे हे चार गेले की ते रक्त संपलं. आदल्या दिवशी मामाजींनी चौघांना एकेक करून हातात घेतलं, पंख उलगडून बोटांनी चाचपले आणि मला म्हणाले, "नीट नेजो."

अंधारात निघालो तेव्हा चांदण्या होत्या. जालन्यात माल उतरवेपर्यंत उजाडलं आणि आभाळ भरून आलं. अंबड सोडल्यावर काचेवर बारीक झिमझिम सुरू झाली. माळावर पोचलो तर समोरचा विजेचा टॉवर दिसत होता, त्याच्या पुढचा दिसत नव्हता. ढग इतके खाली की पाखरांना तारांच्या उंचीवरूनच जावं लागलं असतं. वारा नेमका घराच्या बाजूने, तोंडावर. जाणती कबुतरं असती तर मी विचार तरी केला असता. ही पोरं पहिल्यांदाच इतक्या लांब आली होती, आणि दिशा धरायला सूर्याचा ठिपकासुद्धा कुठे नव्हता.

थांबू म्हटलं. गाडीत बसून आम्ही चहा प्यायलो, पण धुकं जागचं हललं नाही. मग फोन सुरू झाले.

पहिला फोन कापड दुकानवाल्यांचा. त्यांची सर्वांत जास्त पाखरं होती. "वैनी, सोडा ना आता. इथं लखलखीत ऊन पडून राह्यलं."

"तुमच्या गच्चीवर पडलं असन. पाखरं तुमच्या गच्चीवरून सुटणार हायेत का?"

"अहो, पाखराले समजते सगळं."

"समजते तं मंग कॅरेटचं झाकण त्यालेच उघडू द्या," मी म्हणाले आणि फोन ठेवला. नवरा स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत होता. मला हसू येत नव्हतं. कॅरेटमधली पाखरं भुकेने प्लास्टिकवर चोची मारत होती आणि तो टकटक आवाज माझ्या डोक्यात जात होता.

मग मामाजींचा फोन आला. मी तोच टाळत होते.

"काऊन सोडले नाई?"

मी सगळं सांगितलं. तारा, ढग, वारा. ते ऐकत होते. मग म्हणाले, "माह्या जमान्यात याहून वाईट हवेत सोडले हायेत."

"आन् किती परत आले होते, मामाजी?"

मला वाटलं आता रागावतील. पण बोलले ते अगदी हळू आवाजात, जवळ कुणी ऐकू नये असं. "यंदा दिसते मले. पुढच्या वर्साचं कोण सांगावं? मले ते उतरताना पाहाचे हायेत, बस. सोड."

या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी गाडीतून उतरले, कॅरेटजवळ गेले, सुतळीच्या गाठीला हातही घातला. वर पाहिलं. मगाशी दिसणारा टॉवरही आता अर्धाच दिसत होता. मला त्या माणसाची इतकी दया आली आणि त्याचा इतका राग आला की दोन्ही वेगळं करता येईना. ज्यांना उतरताना पाहायचं तेच वाटेत मेले तर हा म्हातारा गच्चीवर उभा राहून काय पाहणार होता?

थांबून राहिले असते तर फोन येतच राहिले असते, आणि केव्हातरी मी वाकले असते. मला माझा स्वभाव माहीत आहे, भांडते जोरात पण कुणी हळू बोललं की विरघळते. म्हणून मी सीटखालची पिशवी काढली, तिचं तोंड सोडलं आणि फटीतून प्रत्येक कॅरेटमध्ये मुठी मुठी ज्वारी ओतली. आमच्याही आणि सगळ्यांच्याही. पाखरं तुटून पडली. एकदा दाणा पोटात गेला की शर्यत नाही. मग आभाळ फाटून ऊन पडलं तरी नाही.

मामाजींना मी फोन करून सांगितलं, "चारले मी."

"आता तुले गावात राहू देत नाहीत," नवरा म्हणाला आणि त्याने गाडी वळवली.

जालना ओलांडेपर्यंत ऊन पडलं. हो, पडलं. असं चकचकीत की मला डोळ्यांवर हात धरावा लागला. ग्रुपवर तोवर चेष्टा सुरू झाली होती. पहिला नंबर पिकअपचा, दुसरा नंबर पिकअपचा, असं कापड दुकानवाल्यांनी लिहिलं होतं आणि खाली हसण्याची रांग. एकाने लिहिलं की बाईमाणसाच्या हाती दिल्यावर दुसरं काय होणार. त्याला मी उत्तर दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

घरी मामाजी गच्चीवर उन्हाकडे तोंड करून बसले होते. मी कॅरेट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी आत हात घालून एकेकाचा गळा चाचपला. चारही गळे दाण्यांनी टम्म. "पोटभर चारलं," ते म्हणाले. मी हो म्हणाले. त्यानंतर ते त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशीही चहा सासूबाईंकडून मागून घेतला. मला रडू येत होतं, पण मी माघार घेतली नाही. पुन्हा तसंच आभाळ आलं असतं तर मी पुन्हा तेच केलं असतं, आणि हे मी त्यांना ढाबळ झाडताना मोठ्याने ऐकवलंही.

पंधरवड्याने राहिलेली शर्यत ठरली. पाळी दुसऱ्या घराची होती, पण मामाजींनी सगळ्यांना निरोप धाडला की आमच्याच घरचं माणूस जाईल. मला मात्र तसं काही बोलले नाहीत. त्या सकाळी माळावर आभाळ धुऊन ठेवल्यासारखं होतं. टॉवरच्या मागे टॉवर, पार क्षितिजापर्यंत दिसत होते. वारा नाही, ढगाचा तुकडा नाही. मी सुतळ्या कापल्या. पाखरं एकदम वर गेली, डोक्यावर एक घिरटी घातली, दुसरी घातली आणि घराकडे वळली. मी तिथे एकटीच टाळ्या वाजवत उभी राहिले.

घरी पोचले तर मामाजी गच्चीवर उभे होते आणि चेहरा असा उजळलेला मी कधी पाहिला नव्हता. "पाह्यले मी! पहिलं उतरलं तेव्हा त्याचे लोंबते पायसुद्धा दिसले मले," ते म्हणाले. मग म्हणाले, "तीन आले."

चौथं येईल म्हणून आम्ही थांबलो. मी जेवले नाही. ऊन कलंडलं, बाकीच्या घरांची पाखरं केव्हाच पोचून दाणे खाऊन बसली होती. ससाण्याने नेलं, तारेला लागलं, की कुठे भलत्याच गच्चीवर उतरलं, कुणाला कळणार? त्या स्वच्छ आभाळाची मला चीड आली. खराब हवेत मी त्याला हट्टाने वाचवलं होतं आणि चांगल्या हवेत मीच माझ्या हाताने सोडलं होतं.

दिवेलागणीला मी म्हणाले, "मामाजी, आता मी नाही नेणार. कोणालेबी पाठवा."

त्यांनी माझ्या आवाजाच्या दिशेने मान वळवली. एवढ्या अंधारात त्यांना मी दिसत नव्हते.

"त्या दिवशी ठेवले, तेबी बराबर होतं. आज सोडले, तेबी बराबरच. मले तुह्या जागी कोणी दुसरं नको. रडाचं असन तं रडून घे, पण पुढच्या शर्यतीले गाडी भर."

मी रडून घेतलं. पुढच्या शर्यतीला गाडीत आमचे तीन पठ्ठे होते.