काड्यापेटीतला गंज

बाजारात गंज विकत मिळत नाही, याचं मनापासून दुःख होणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघावा हे माझं भाग्य. मामांनी नोकरीची सगळी वर्षं बोईसरच्या एका कारखान्यात पाइपांवरचा गंज खरवडून त्यांना रंग देणाऱ्या खात्यावर देखरेख केली. समुद्राचा खारा वारा आणि कारखान्यांची हवा या दोघांनी मिळून त्यांना कधी रिकामं बसू दिलं नाही. असा माणूस निवृत्त झाल्यावर जन्मात पुन्हा गंजाचं तोंड पाहणार नाही, असं कुणालाही वाटेल. मामा निरोपसमारंभाच्या शालीची घडी मोडायच्या आत गंज गोळा करायला बाहेर पडले.

याचं कारण मामांचा छंद. ते मोटारींच्या छोट्या प्रतिकृती बनवतात, खऱ्या गाडीच्या एक चोवीसांश मापाच्या. या छंदातले बाकीचे लोक खोक्यात सुटे भाग आणून शर्यतीच्या लालभडक गाड्या जोडतात आणि त्या इतक्या चकचकीत करतात की बघणाऱ्याने आपलं तोंड पाहून घ्यावं. मामांना चकाकीचं वावडं. "नवी गाडी सगळीकडे सारखीच दिसते. ती कुठे राहते ते तिला पोचे आल्यावरच कळतं," असं ते म्हणतात. त्यामुळे त्यांच्या कपाटात नवापूरची मासळी वाहणारा टेम्पो आहे, ज्याच्या मागच्या फळीवर बर्फाच्या पाण्याचे ओघळ आहेत. बंपर दोरीने बांधलेली तारापूरची शेअर जीप आहे. छताला ठिगळ लावलेली टमटम आहे आणि तिच्यात ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना एकेक माणूस बसेल एवढी जागा मामांनी आठवणीने ठेवली आहे. चाकांवरचा चिखल म्हणजे वाळवून वस्त्रगाळ केलेला चहाचा चोथा. आरसे औषधाच्या गोळ्यांच्या चांदीचे. सीटची कव्हरं मामींच्या ब्लाउजपीसची, आणि ती जुन्या ब्लाउजपीसची होती असं मामांचं म्हणणं आहे. मामींचं म्हणणं वेगळं आहे.

गंज मात्र खराच लागतो. तपकिरी रंग लावून भागत नाही. मामा खिशात रिकाम्या काड्यापेट्या घेऊन हिंडतात आणि जिथे चांगला गंज दिसेल तिथे बसकण मारून तो दाढीच्या ब्रशने झाडून घेतात. प्रत्येक काड्यापेटीवर गंजाचं गाव लिहिलेलं असतं. त्यांच्या मते बोईसरचा गंज काळपट आणि चिडका, पालघरचा कोरडा आणि नारिंगी, आणि नवापूरच्या होड्यांच्या नांगरांवरचा सगळ्यात खानदानी. एकदा मी बरोबर असताना ते नवापूरच्या किनाऱ्यावर एका नांगरापुढे मांडी घालून बसले होते. वाळत टाकलेली सुकट खालीवर करणारी एक बाई बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होती. शेवटी ती माझ्याकडे वळून म्हणाली, "आमी हा घालवायला तेल लावतो, नि तुमचे मामा तो डबीत भरून नेतात. घरी सगलं बरं हाय ना यांचं?" मी बरं असल्याचं सांगितलं, पण तिची खात्री पटली नाही. तिने जाताना मामांना मूठभर सुकट बांधून दिली.

एक चोवीसांशाचं हे वेड गाड्यांपुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. मी मुलगी पाहायला गेलो तेव्हा घरातली सगळी मोठी माणसं माझा पगार आणि माझं गाव विचारत होती. मामा कोपऱ्यातून एक डोळा मिटून माझ्याकडे पाहत होते. जरा शांतता झाल्यावर ते जाहीर करत म्हणाले, "सात सेंटिमीटर. बसतील." त्याचा अर्थ लग्नानंतर कळला. मी एक चोवीसांश झालो तर त्यांच्या जीपमध्ये डोकं न आपटता बसेन, एवढंच त्यांनी तपासलं होतं. त्यांनी सगळ्यांना असं मोजून ठेवलं आहे. माझी बायको साडेसहा, पलीकडचे वकील साडेसात आणि टोपीसकट आठ. मामींचं माप मात्र ते कधी सांगत नाहीत. कुणी विचारलंच तर "तिचं जमत नाही," म्हणून विषय बदलतात. मामी अंगाने भरलेल्या असल्यामुळे आम्ही सगळे हसतो आणि मामी पोळ्या लाटताना लाटणं जरा जोरात आपटतात.

रविवारी सकाळी मामांच्या गॅलरीत मंडळी जमते. एक दातांच्या डॉक्टरीणबाई येतात, ज्यांच्याकडची बारीक हत्यारं पाहून मामांना आपण दातांचे डॉक्टर झालो नाही याचा खेद होतो. एक लेथवर काम करणारे मिश्राजी येतात, ते फक्त ट्रक बनवतात आणि ट्रकच्या मागे लिहायचे शेर आठवडाभर निवडतात. मी गाडी चालवू शकतो या एकमेव गुणावर मला तिथे प्रवेश आहे. तिथल्या गप्पांना सुरुवात आणि शेवट नसतो. कुणाला ताप येऊन गेला तरी पहिला प्रश्न "रंग सुकला का?" असाच येतो. एका रविवारी टायरच्या कडेची धूळ वरून खाली जाते की खालून वर येते, यावर चहाच्या तीन फेऱ्या झाल्या. शेवटी चौघेही खाली जाऊन रस्त्यावर उभ्या असलेल्या एका रिक्षाच्या चाकापाशी उकिडवे बसलो, तेव्हा रिक्षावाल्याने शांतपणे विचारलं, "पंचर हाय का?" मला तर त्या गप्पांतलं निम्मं कळत नाही, पण आठवडाभर मी त्यांची वाट पाहतो हे खरं आहे.

गेल्या वर्षी मामांचा हात कापायला लागला. फार नाही, कपात चहा हिंदकळेल इतपत. पण गाडीचा दरवाजा चिकटवताना तेवढंही पुरतं. त्यांनी कुरकुर केली नाही. एका रविवारी नेहमीच्या आवाजात सांगितलं की आता एकच गाडी करायची राहिली आहे, ती झाली की हात धुऊन टाकायचे. ती गाडी म्हणजे त्यांच्या लग्नातली अॅम्बॅसिडर. मामी पालघरजवळच्या माहीमच्या, वाडीतल्या. त्यांच्या वडिलांच्या ओळखीच्या एका बागायतदाराने आपली गाडी दिली होती आणि तिच्यातून मामा मामींना बोईसरला घेऊन आले. पुढे ती गाडी म्हातारी झाली आणि माहीमच्या रस्त्याकडेला एका चिंचेखाली कायमची उभी राहिली. सासरवाडीला जाता-येता मामांनी तिला गंजताना वर्षानुवर्षं पाहिलं होतं. ती भंगारात गेल्याचं कळलं तेव्हा ते दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. ही प्रतिकृती लग्नाच्या वाढदिवसाला मामींना द्यायची आणि नंतर पालघरच्या सभागृहात छंदवाल्यांचा मेळावा भरणार होता तिथे मांडायची, असा बेत होता. या छंदाकडे जन्मभर पाठ फिरवलेल्या बाईने निदान एका गाडीकडे मायेने पाहावं, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि ती त्यांनी मला गाडीत, खिडकीबाहेर बघत सांगितली.

बाजारात या गाडीचं खोकं नव्हतं. मामांनी प्लास्टिकच्या पत्र्यातून ती कोरून काढली. महिने गेले. जिथे हात साथ देईना तिथे डॉक्टरीणबाई मनगट धरायच्या. मलईच्या रंगावर काड्यापेट्यांतला सगळा उत्तम माल उतरला. चिंचेखालची गाडी होती तशीच झाली, दाराच्या खालचे गंजाचे ओघळसुद्धा. मिश्राजींनी तर तिला नमस्कार केला. आता फक्त गंजाची पूड बसून राहावी म्हणून वरून वार्निशचा फवारा मारायचा होता. पण दमट हवेत ते वार्निश पांढरं पडतं, म्हणून मामा कोरड्या दिवसाची वाट पाहत होते. तोवर गाडी मोठ्या पातेल्याखाली झाकलेली असे आणि पातेल्याला हात लावायची मामींना बंदी होती.

वाढदिवसाच्या दिवशी हवा कोरडी निघाली. मामांना बंपरसाठी अजून चिमूटभर नवापूरचा गंज हवासा वाटला, म्हणून मी सगळ्यांना घेऊन निघालो. दुपारी जेवायला आम्ही सगळेच होतो आणि एवढ्या भाताला घरात पातेलं एकच होतं.

परत आलो तेव्हा भाताचा वास येत होता आणि गॅलरीच्या कठड्यावर, पालथ्या ताटावर, मलईच्या रंगाची कोरी करकरीत अॅम्बॅसिडर उन्हात वाळत होती. शेजारी दात घासायचा मऊ ब्रश आणि भांड्यांच्या साबणाची वाटी होती. डॉक्टरीणबाईंनी माझं कोपर घट्ट धरलं. मिश्राजी हळूच म्हणाले, "मामाजी, गाडी तो नहा के बैठी है." हातातली काड्यापेटी मामांनी खिशात ठेवली, पुन्हा काढली, पुन्हा ठेवली. मला त्यांच्याकडे बघवेना.

मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. आमचे चेहरे पाहून त्या दचकल्या, पण मागे हटल्या नाहीत.

"लग्नाची गाडी ना ती आपल्या?" त्यांनी विचारलं. "मागच्या काचेचा हिरवा पडदा बघूनच ओळखली. एवढी हुबेहूब केलीत, नि मग ती अशी मळवून कशाला ठेवलीत?"

"अगं, ती तशीच होती," मामा म्हणाले. "मी वर्षानुवर्षं बघितली आहे."

"तुमी चिंचेखाली पडलेली बघितलीत. मी तिच्यात बसले तेव्हा तिला डाग नव्हता. दार उघडलं तर आरशात दिसावा तसा दारात माझा शालू दिसला मला, लाल. सगळी रडत होती, नि मी आपली दारातला शालूच बघत राहिले. आई म्हणाली, पोरीला काही वाटतच नाय." त्यांनी गाडीकडे बोट दाखवलं. "त्या दिवशी तिला कुठला गंज?"

मामांनी चष्मा काढला. आयुष्यभर चकाकीला नावं ठेवणारा तो माणूस खाली बसला आणि म्हणाला, "मग दारात शालू दिसला पाहिजे."

रंगाला आरशासारखी चकाकी आणायला दात घासायच्या पेस्टने तो हळूहळू घासावा लागतो. मामांनी सुरुवात केली, पण हात कापत होता. मामींनी गाडी त्यांच्या हातातून काढून घेतली. देवघरातली समई आणि तांब्या घासून त्यांचं मनगट तयारच होतं. मामा शेजारी बसून "हलक्या हाताने, कडेला जपून" सांगत राहिले आणि मामी "कळतं मला" म्हणत राहिल्या. भात करपला. आम्ही तो तसाच खाल्ला आणि मला तरी तो गोड लागला.

पालघरच्या मेळाव्यात लोकांनी मामांच्या टेबलाभोवती गर्दी करून गंज कुठे आहे म्हणून विचारलं. मामा म्हणाले, "ही आत्ता माहीमहून निघाली आहे. गंजायला वेळ आहे अजून." टेबलामागे लाल साडी नेसलेल्या मामी उभ्या होत्या आणि जवळ वाकणाऱ्या प्रत्येकाला काचेवर श्वास सोडू नका म्हणून दटावत होत्या. त्या दिवशी गाडीच्या दारात कुणाला काय दिसलं ते मला माहीत नाही. मला लाल रंग दिसला.

मामांनी त्यानंतर गाडी केलेली नाही. रविवारी आम्ही जमतो, मामा इतरांच्या गाड्यांवर शेरे मारतात, आणि उरलेल्या काड्यापेट्या त्यांनी मिश्राजींना देऊन टाकल्या आहेत. परवा ती अॅम्बॅसिडर हातात घेऊन मी आत डोकावलो. स्टिअरिंगवर ड्रायव्हर आहे. मागच्या सीटवर टोपी घातलेले, काडीसारखे मामा आहेत. त्यांच्या शेजारची जागा मोकळी आहे. मामी कुठे म्हणून मी विचारलं.

मामांनी आत स्वयंपाकघराकडे पाहिलं. "पुष्कळदा करून बघितली," ते हळू आवाजात म्हणाले. "सगळ्या जगाला लहान करता आलं मला. तिला नाही जमलं."

आतून मामींनी चहाला साखर किती म्हणून विचारलं. मी गाडी जपून जागेवर ठेवली.