आधी घर बघू

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा काय करतो? टायरला लाथ मारतो. मग बॉनेट उघडायला लावतो आणि आतलं काही कळत नसलं तरी गंभीर चेहऱ्याने मान हलवतो. आमचा हा गडी गाडीकडे चक्क पाठ करून उभा राहायचा. गाडी अंगणात पुसून ठेवलेली, मालक चावी हातात घेऊन तयार, आणि हा घराकडे तोंड करून म्हणायचा, "गाडी कुठं पळून जातीय? आधी घर बघू."

मग तो प्यायला पाणी मागायचा. पाण्याच्या निमित्ताने आत जाता येतं, आणि आत गेलं की सगळं दिसतं. तुळशीला आज पाणी पडलंय का, गोठ्यातली जनावरं तुकतुकीत आहेत का, म्हाताऱ्या माणसांना कुणी विचारतंय की कोपऱ्यात टाकून दिलंय, हे सगळं तो एका तांब्यात बघून यायचा. बाहेर आला की मी त्याच्या तोंडाकडे बघायचो. गाडी घ्यायची की नाही, ते तिथेच कळायचं. बहुतेक वेळा नाहीच असायचं.

लोणी देवकरच्या एका कारखान्यात तो स्टोअरला होता आणि मी शेजारी पॅकिंगला. दोघंही इंदापुरात राहणारे, कंपनीच्या बसला एकाच थांब्यावर चढणारे. माझ्याकडे आधीपासून एक जुनी गाडी होती, त्यामुळे त्याच्या लेखी मी जाणकार. शनिवारी बसमध्येच तो विचारायचा, "आप्पा, उद्या मोकळं हाय का? निरवांगीला एक आलीया." मी कुरकुरत का होईना, जायचो.

माणूस वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी त्याच्यावर चिडणार आहे. कुणाच्या घरी दुखणंखुपणं असलं की पहिला पोचणारा तो. आणि त्याला गाडी हवी होती ती मिरवायला नव्हे, मुलीसाठी.

मुलगी नऊ वर्षांची, राणू. जन्मापासून पायांत ताकद नाही. बोलणं तुटक, हसणं मात्र भरभरून. सोमवार-गुरुवार तिला बारामतीला न्यावं लागे. तिथल्या केंद्रात पायांचे व्यायाम करून घेत. तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की वाढीच्या या वर्षांत व्यायाम चुकले नाहीत तर पोरगी धरून धरून चालेल, चुकले तर पाय आखडतील आणि मग काही करता येणार नाही.

तर हे तिघं मोटारसायकलवर निघायचे. पुढे हा, मागे वहिनी, मधे राणू, आणि तिला ओढणीने आईच्या कमरेशी बांधलेलं. लहान होती तोवर ठीक होतं. आता तिचे पाय लोंबकळायला लागले होते. एकदा पोटरी सायलेन्सरला टेकली आणि चांगलीच पोळली. पावसात जाता येत नसे. ऊसतोडीच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्ताभर असत, तेव्हा वहिनी नको म्हणायच्या. एसटीत पोरीला उभं राहता येत नाही आणि जागा कुणी देईलच असं नाही. वर्षातले किती सोमवार-गुरुवार हुकले, ते वहिनींनाच ठाऊक.

म्हणजे गाडी पाहिजे होती आणि ती लवकर पाहिजे होती. पगारातून साठवलेले जेमतेम दोन लाख होते. एवढ्यात चार चाकं आणि वर छप्पर मिळतं, फार नखरे करता येत नाहीत. आणि हा बसला होता घरं बघत.

तुम्ही हसाल. पण आपल्याकडे गाडी नुसती विकत घेत नाहीत, ती घरात आणतात. सवाष्ण ओवाळते, चाकाखाली लिंबू ठेवतात, बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं उठतात. सुनेचा बघतात तसा गाडीचा पायगुण बघतात. अमक्याकडे ट्रॅक्टर आला आणि वर्षाच्या आत बोअरला पाणी लागलं, ही गोष्ट शिकली-सवरलेली माणसंही सांगतात. बाकीच्यांचं ते सांगण्यापुरतं असतं. ह्याने ते खरेदीला लावलं. तो मला समजावून सांगायचा की नवी गाडी कोऱ्या पायाची असते, पण जुनी दुसऱ्या घरात नांदून आलेली असते. "तितं तिनं काय दिवं लावलं, ते बघाय नगं का, आप्पा?"

निरवांगीची गाडी त्याने सोडली, कारण पाणी पिताना कळलं की ती घेतल्यावर भावाभावांत विहिरीवरून वाद लागला. इंदापुरातल्याच एका घरची सोडली, कारण दारची म्हैस आटली होती. मी म्हटलं, अरे, म्हैस कधीतरी आटणारच, तिचा आणि गाडीचा काय संबंध? तो म्हणाला, असंल, न्हाय असंलबी, पण शंका कशाला ठेवायची. बारामतीच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात तर तो उतरलाच नाही. ओळीने गाड्या उभ्या होत्या, आमच्या बजेटातल्याही होत्या. पण कुठली कुणाच्या घरची, काही पत्ता नाही. "हितं समद्या अनाथ हायत," असं म्हणून तो उसाचा रस प्यायला गेला.

कॅन्टीनमध्ये हे किस्से फार चालायचे. मंगळवारी चहाला पोरं त्याला घेरायची, रविवारच्या घरात काय निघालं म्हणून. तोही रंगवून सांगायचा. मी मात्र एकदा त्याला सुनावलं. म्हटलं, गोकुळासारखं नांदतं घर आपली चांगली गाडी दोन लाखाला कशाला विकेल? स्वस्तात गाडी देतो तो अडलेलाच असतो. तुला सुखी घरची गाडी पाहिजे आणि ती अडलेल्याच्या भावात पाहिजे, हे कसं जमायचं? तो हसला आणि म्हणाला, "असंल की एकांदं."

आता त्याची दुसरी बाजू सांगतो. राणू तशी जन्मली तेव्हा गावाकडे घरात कुजबुज सुरू झाली. मग कुजबुजीचं बोलणं झालं. थोरला भाऊ ओसरीवर बसून सगळ्यांदेखत म्हणाला की सुनेचा पायगुणच वाईट. हा उठला, त्याच दिवशी बायको-पोरीला घेऊन इंदापुरात आला आणि भाड्याच्या दोन खोल्यांत राहिला. वाट्याच्या जमिनीचं नाव काढलं नाही. "माज्या बायकोचा पायगुण काढणाऱ्याच्या घरचं मी पाणीबी पिणार न्हाय," असं म्हणाला, आणि खरंच नाही प्याला. भावाच्या मुलीच्या लग्नातसुद्धा अक्षता टाकून उपाशी परत आला. खेडेगावातल्या पुरुषाला हे सोपं नाही. आम्हा सगळ्यांना त्याचा अभिमान होता. मला जरा जास्तच होता.

मग बावड्याची गाडी आली. त्या दिवशी वहिनी हट्टाने बरोबर आल्या, राणूलाही घेतलं. आम्ही माझ्या गाडीतून गेलो. गाडी विकणारी बाई पस्तिशीची असेल. तिच्या नवऱ्याचं खतांचं छोटं दुकान होतं, तो मागच्या उन्हाळ्यात वारला होता. तिला स्वतःला चालवता येत नव्हती, म्हणून काढत होती. हा नेहमीप्रमाणे पाणी प्यायला आत गेला. मी चावी घेतली आणि रस्त्यावरून एक चक्कर मारली. इतक्या दिवसांत पाहिलेली ही पहिली गाडी, जिच्यात मला खोट काढता आली नाही. परत आलो तर वहिनींनी राणूला मागच्या सीटवर ठेवलं. पोरीने दोन्ही पाय लांब केले, पाठ टेकली आणि ती खिडकीतून आम्हा सगळ्यांकडे बघून हसायला लागली. त्या बाईने घरातून उशी आणून तिच्या गुडघ्यांखाली सरकवली. पोरीला बघून तिने आपणहून भाव उतरवला. वहिनींनी मान वळवून डोळे पुसले. मला वाटलं, सुटलो बुवा एकदाचे.

तो बाहेर आला तो चेहरा पाडूनच. आत भिंतीवर हार घातलेला फोटो बघून आला होता. त्याने वहिनींना बाजूला घेतलं, पण जितकं बाजूला घ्यायला हवं होतं तितकं नाही. गाडी बरी आहे, पण राहू दे, म्हणाला. वहिनींनी कारण विचारलं.

"पायगुण बरा न्हाय. मालकच गेला की."

ती बाई चहाचा ट्रे घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिने सगळं ऐकलं. तिने ट्रे ओट्यावर ठेवला, पदर सारखा केला आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आजारी ते आदीपास्नंच हुतं. गाडीमुळं येळेवर दवाखान्यात तरी पोचायचं." एवढंच बोलून ती आत गेली. दार तिने लोटलं नाही, उघडंच ठेवलं.

मला त्याचा राग आला. आजही येतो. पण मी काही बोलायच्या आत वहिनी बोलल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता.

"गाडीचा पायगुण बघताय व्हय? मग माजाबी बघितलाच असंल की तुमी."

तो म्हणाला, तसं न्हाय, तुजं येगळं. वहिनी म्हणाल्या, "काय येगळं? भावाचं घर सोडलं, पर त्याचं म्हणणं संगं घिऊन आलाय."

एखादा माणूस अशा वेळी खोटं तरी बोलतो. ह्याला तेही सुचलं नाही. वहिनींनी राणूला सीटवरून उचललं. पोरगी उतरायला तयार नव्हती, सीटचा पट्टा धरून रडत होती. उशी वहिनींनी स्वतः आत नेऊन दिली.

पुढच्या रविवारी तो एकटाच बावड्याला गेला. गाडी विकली गेली होती.

वहिनी भांडल्या नाहीत, माहेरीही गेल्या नाहीत. महिन्याभरात त्यांनी बारामतीत त्या केंद्राजवळ एक खोली बघितली, एका खानावळीत पोळ्यांचं काम धरलं आणि राणूला घेऊन तिकडे राहायला गेल्या. माझ्या बायकोला त्या एवढंच म्हणाल्या की राणूचे पाय आखडायचे थांबणार नाहीत, माणसं थांबतील. हा आम्हाला सांगायचा, पोरीच्या सोयीसाठी केलंय. आम्ही हो हो म्हणायचो. कॅन्टीनमध्ये त्याला घेरणं पोरांनी हळूहळू बंद केलं.

आणि मग त्याला हवं ते घर सापडलं. आई-वडील हयात, दोन्ही पोरं नोकरीला, दारात दुभती गाय, विहिरीला पाणी. भाव जास्त होता. त्यासाठी त्याने मोटारसायकल विकली आणि पतसंस्थेचं कर्ज काढलं. मला बरोबर नेलंच नाही. नेलं असतं तर मी निदान बॉनेट उघडून बघितलं असतं. गाडी चालू केली की मागे धुराचा लोट, चढाला दम लागणार, पहिल्याच महिन्यात दोनदा गॅरेजला. घर चांगलं होतं, त्यांनी आपली पीडा बरोबर ह्याच्या गळ्यात बांधली. ओवाळायला त्याने वहिनींना बोलावलं होतं. त्या आल्या नाहीत. माझ्या बायकोने ओवाळलं आणि घरी येऊन ती रडली.

मध्यंतरी एका गुरुवारी माझं बारामतीत काम होतं. ते व्यायामाचं केंद्र वाटेतच लागतं. समोरून एक रिक्षा आली. आत वहिनी आणि राणू. रिक्षाच्या मागे, तिच्याच चालीने, धूर सोडत ह्याची गाडी. मागून लोक हॉर्न देत होते. रिक्षा फाटकाशी थांबली तशी गाडीही थांबली. हा घाईघाईने उतरला, त्याने राणूला रिक्षातून उचललं. वहिनींनी उचलू दिलं. तो तिला आत पोचवून आला आणि गाडीला टेकून उभा राहिला.

मी जवळ गेलो. राणू आता दांड्याला धरून चार पावलं टाकते, हे त्याने मला आनंदाने सांगितलं. दर सोमवार-गुरुवारी पाळी बदलून घेतो आणि इथे येतो, म्हणाला. मी विचारलं, मग रिक्षा कशाला? गाडी आहे, ड्रायव्हर आहे, रिकामी कशाला फिरवतोस?

तो गाडीच्या टपावरची धूळ तळहाताने पुसत म्हणाला, "बसत न्हाय ती, आप्पा. म्हणती, एवढं घर बघून आणलीया. माजा पाय लागला तर नासंल."

तासाभराने वहिनी पोरीला घेऊन बाहेर आल्या. त्यांनी मला ओळखलं, मान लववली, घरी सगळे बरे आहेत का विचारलं. त्याने पुढे होऊन गाडीचं मागचं दार उघडलं आणि धरून उभा राहिला. वहिनींनी रस्त्याकडे बघून हात केला. रिक्षा थांबली. राणूला मांडीवर घेऊन त्या बसल्या, आणि रिक्षा निघाली. त्याने दार लावलं आणि गाडी तिच्या मागे घातली.