वितळेना ते कोलेस्ट्रॉल

मी भिवंडीतल्या शाळेत वर्षानुवर्षं विज्ञान शिकवलं, पण त्यातलं मला काहीही समजलेलं नाही, हे वज्रेश्वरीच्या गरम पाण्यात बसल्यावर कळलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोलेस्ट्रॉल हा शब्द तेव्हा भिवंडीतल्या आमच्या टेमघर भागात नवीन होता आणि आमच्या गल्लीत तो पहिल्यांदा माझ्याच घरी मुक्कामाला आला. जिना चढताना दम लागला म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासलं. म्हणाले, "मास्तर, कोलेस्ट्रॉल बरंच वाढलंय. सांभाळा, नाहीतर हृदयावर येईल. सोमवारी या, नीट बोलू."

मध्ये रविवार होता. (आमच्या घराला घोळ घालायला एक रविवार पुष्कळ होतो!)

"नक्की वाढलंय तरी काय?" सुनंदानं, माझ्या बायकोनं, रडवेल्या आवाजात विचारलं.

"रक्तात चरबी झालीय," मी वर्गातला आवाज काढला. "ती नळ्यांमध्ये थिजते."

थिजते! हा शब्द माझ्या वडिलांनी, आप्पांनी, हवेतच झेलला. आप्पा जन्मभर पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते. बंद पडलेला लूम चालू करणं हे त्यांचं काम.

"थिजते ना? मग सोपं हाय! थंडीत लूमचं ग्रीस थिजलं का आपण काय करतो? गरम करतो! याला वज्रेश्वरीच्या कुंडात बसवू."

"आप्पा, माणूस म्हणजे काय लूम आहे?" सुनंदा म्हणाली.

"लूम बरा! तो येवढी भजी न्हाय खात."

मी विज्ञानाचा शिक्षक. मी विरोध करायला हवा होता. पण तूप तापवलं की पातळ होतं, हे मीही पाहिलं होतं आणि घाबरलेल्या माणसाला कुठलंही शास्त्र पटतं. रविवारी सकाळी आम्ही तिघांनी बस पकडली.

कुंडातून वाफा निघत होत्या. मी गळ्यापर्यंत आत. आप्पा काठावर, कोरडे.

"काय वाटतंय?"

"भाजतंय!"

"मंजे सुटायला लागली चरबी! ऊठू नको!"

थोड्या वेळानं मला दोन आप्पा दिसायला लागले. मग एकही दिसेना! डोळे उघडले तेव्हा मी पायरीवर आडवा होतो, अंगावर फक्त पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी, सुनंदा पदरानं वारा घालतेय आणि भोवती हा घोळका. त्यातला एक लूम कामगार ओरडला, "अरे, ये तो मेरे लड़के के साइंसवाले सर हैं! क्या हुआ इनको?"

"कुछ नहीं," आप्पा शांतपणे म्हणाले, "चरबी पिघल रही है।"

सोमवारी शाळेत पोहोचेपर्यंत ही बातमी सातवीच्या वर्गात जाऊन बसली होती.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. (हसले असते तर बरं झालं असतं.) "मास्तर, ही चरबी शेकून जात नाही. बरंचसं कोलेस्ट्रॉल आपलं यकृतच बनवतं. शरीराला ते लागतंच, त्यातून पित्तसुद्धा तयार होतं. जास्तीचं झालं की यकृतच ते रक्तातून परत ओढून घेतं. पण वनस्पती तूप, तळण फार झालं, की हे ओढणं मंदावतं. बसून बसून वजन वाढलं की आणखी बिघडतं. आणि काहींच्या रक्तातच असतं ते, घराण्यातून आलेलं. वडिलांचं तपासलंय कधी?"

तपासलं. माझ्यापेक्षा जास्त निघालं!

आप्पांना गहिवरून आलं. माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाले, "मंजे हे माझंच हाय तर! बाकी माझं काय न्हाय घेतलंस रे तू."

मग घरातलं तळण बंद झालं, दोघांना गोळ्या सुरू झाल्या आणि पहाटे धामणकर नाक्यापर्यंत चालायचं ठरलं. आप्पा धोतर सावरत पुढे झपाझपा चालायचे, मी मागे धापा टाकत. वाटेत रोज कुणीतरी भेटायचं.

"जयभीम आप्पा! पोराला दवाखान्यात न्हेताय का?"

आप्पा काही बोलायच्या आत मीच मान हलवून हो म्हणायचो. तेवढंच जरा थांबायला मिळायचं!