जवसाच्या तेलाची वाटी

जवसाच्या तेलाला एक वास असतो. नुकत्याच पॉलिश केलेल्या दाराचा, थोडासा ओल्या गवताचा, आणि मागाहून जिभेच्या मुळाशी रेंगाळणाऱ्या कडवटपणाचा. गेले काही महिने आमच्या नारायण पेठेतल्या स्वयंपाकघरात रात्रीच्या जेवणाआधी हा वास दरवळतो आहे. फ्रिजमधून काळी बाटली बाहेर येते, स्टीलच्या छोट्या वाटीत चमचाभर सोनेरी तेल उतरते, आणि आमचे हे, म्हणजे माझे यजमान, तीर्थ घ्यावे तशा श्रद्धेने ती वाटी रिकामी करतात. या श्रद्धेचा तेलाशी संबंध बेताचाच आहे, हे मला ठाऊक आहे. यांना झोप हवी आहे; आणि झोप हवी आहे ती वाघोलीत राहणाऱ्या दीड वर्षांच्या एका मुलीसाठी.

यांची सगळी नोकरी खडकीच्या कारखान्यात गेली आणि तीही पाळ्यांमध्ये. एका आठवड्यात डबा पहाटे भरायचा, दुसऱ्यात दुपारी, तिसऱ्यात रात्री. घड्याळाने माणसाला इतकी वर्षे गरगर फिरवल्यावर निवृत्तीनंतर माणूस घड्याळाला सोडतो, पण घड्याळ माणसाला सोडत नाही. अंथरुणाला पाठ टेकली की यांचे डोळे टक्क उघडे. कूस बदलायची, पाणी प्यायचे, खिडकीशी उभे राहायचे, आणि उजाडता उजाडता लागलेली डुलकी दूधवाल्याच्या बेलने मोडायची, हा नित्यक्रम. अन्नावाचून माणूस काही काळ काढू शकतो. निद्रेवाचून मात्र तो आपल्याच घरात परका होतो, हे मी यांच्याकडे बघून शिकले. तरीही यांची तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली ती ईरापासून.

ईरा ही आमची नात, मुक्ताची मुलगी. मुक्ताचे ऑफिस खराडीला, जावयाचे डेक्कनला. मुक्ताची रजा संपली तेव्हा असे ठरले की जावयाने कामावर येताना ईराला आमच्याकडे सोडावे आणि संध्याकाळी घेऊन जावे. मी अजून शाळेत दुपारच्या सत्राला शिकवते, त्यामुळे दुपारची ईरा यांच्या वाट्याला आली. यांच्या आनंदाला पारावार नव्हता. का असावा? मुक्ताचे बालपण यांनी बहुतेक झोपलेलेच पाहिले होते. हे घरी येत तेव्हा ती झोपलेली असे, आणि ती जागी होई तेव्हा हे. मूल जागेपणी कसे दिसते, ते यांना आजोबा झाल्यावर कळत होते.

एका दुपारी जावई लवकर आला. त्याने बेल वाजवली, पुन्हा वाजवली, फोन लावला. अखेर शेजारच्या मंदाताईंकडे ठेवलेल्या किल्लीने दार उघडले, तेव्हा हे आरामखुर्चीत गाढ झोपलेले होते, आणि ईरा स्वयंपाकघरात, कलंडलेल्या तेलाच्या डब्याशेजारी, गोडेतेलाने न्हालेली बसली होती. उठायला जाई, घसरून बसे आणि खुदकन हसे. तिला खरचटलेसुद्धा नव्हते. पण हाताच्या अंतरावर विळी होती, आणि नुसते ऐकूनही ती आम्हा सगळ्यांना दिसली. मुक्ता रागावली नाही; तेच जास्त लागले. “बाबा, तुमची झोप आधी नीट होऊ दे, मग बघू,” एवढेच ती म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यापासून ईरा वाघोलीतल्या पाळणाघरात जाऊ लागली. “बरोबर आहे तिचं,” हे म्हणाले. त्यानंतर डबा, फरशी आणि विळी यांविषयी त्यांनी अवाक्षर काढले नाही. बोलू लागले ते फक्त झोपेविषयी.

पुण्यात झोप येत नाही असे म्हणायचा अवकाश, भेटेल तो वैद्य होतो. तळपायांना काशाची वाटी मी आधीच घासून पाहिली होती. पाय मऊ झाले, माणूस जागाच. मग मुक्ताने कुठेसे वाचून माशाच्या तेलाच्या कॅप्सूल पाठवल्या. आमच्या घरात अंडेही शिजत नाही. यांनी त्यातली एक उजेडात धरून नीट न्याहाळली आणि म्हणाले, “मासा जन्मात कधी डोळे मिटत नाही. त्याचं तेल पिऊन मला झोप येणार?” कॅप्सूल मिटल्या तोंडाने कपाटात गेल्या. मंदाताई मूळच्या भंडाऱ्याच्या. त्यांनी लाकडी घाण्याचे जवसाचे तेल आणून दिले. “आमच्याकडे चटणीवर हेच तेल घेतात नं भाऊजी. पडल्याबरोबर झोप,” त्या म्हणाल्या. यांनी बाटलीचा वास घेतला मात्र, चेहऱ्यावर ओळख उमटली. “हे तर आम्ही कारखान्यात लाकडी मुठींना चोळायचो. आता मलाही पॉलिश करून ठेवा.” एवढे बोलून त्यांनी वाटी पुढे केली. ज्याला काही हवे असते, त्याचा उपहास जिभेपुरताच असतो.

आमच्या डॉक्टर वयाने लहान आहेत आणि मोजके बोलतात. खाण्यातल्या तेलाने झोप सुधारते का, असे मी सरळच विचारले. त्या म्हणाल्या, “मासळीतले किंवा जवसातले स्निग्ध पदार्थ शरीराला हवेच असतात. काहींच्या झोपेला थोडा फायदा झालेला दिसतो, काहींच्या नाही. खात्रीनं सांगावं एवढं हाताशी नाही. चमचाभर घ्यायला हरकत नाही, फक्त तापवू नका. पण ते झोपेचं औषध नव्हे.” रक्त पातळ होण्याची गोळी चालू नाही ना, हेही त्यांनी विचारून घेतले. मग सहज म्हणाल्या, “दुपारी झोपता का?” “छे,” हे म्हणाले, “जेवल्यावर जरा आडवा होतो, इतकंच.” मीही मान डोलावली. आम्हा दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. उपवासाची साबुदाण्याची खिचडी जशी जेवणात धरत नाहीत, तशी आमच्या पेठेत वामकुक्षी झोपेत धरत नाहीत.

निद्रा ही मोठी मानी आहे. तिला बोलवावे तर ती रुसते, विसरावे तर नकळत शेजारी येऊन बसते. तरीही आपण तिच्यासाठी काय काय मांडून ठेवतो! दूध, जायफळ, उशीची दिशा, आणि आता ही तेलाची वाटी. हे सगळे व्यर्थ असते असे मी म्हणणार नाही. दिवस संपला, आता निजायचे आहे, एवढे देहाला सांगण्यापुरता तरी त्या वाटीचा उपयोग होत असेल. पण आठवड्यामागून आठवडे गेले, बाटली संपली, दुसरी आली, आणि यांच्या डोळ्यांखालची वर्तुळे होती तिथेच राहिली. दर रविवारी मुक्ताचा फोन आला की हे पहिले वाक्य तेच बोलत, “तेल चालू आहे बरं का.” पलीकडून “हो बाबा” येई. मला ते ऐकवत नसे.

दिवाळीच्या सुट्टीत मी दुपारी घरी राहिले, तेव्हा प्रथमच यांची रोजची दुपार माझ्या दृष्टीस पडली; रविवारी घरात येणारे-जाणारे असत. जेवण झाले, हात पुसले, पडदे ओढले, आणि हे डाव्या कुशीवर आडवे झाले ते चहाची वेळ टळून गेल्यावर उठले. मध्यंतरी घोरण्याने भांडी वाजायची बाकी राहिली होती. मी चकित होऊन बघत राहिले. रात्रीची अख्खी झोप या गृहस्थाने दुपारीच वापरून टाकली होती, आणि वर रात्री चमचाभर तेलाकडे तिची मागणी चालली होती! मी तसे म्हटले तर यांना पटेना. “ती काय झोप? वामकुक्षी ती.” मग थोडे थांबून, पडदा सारत म्हणाले, “जागून तरी काय करू? आता दुपारी घरात असतं कोण?” ईरा येत होती तेव्हा हे खुर्चीत बसत आणि कधीतरी डुलकी घेत. ती यायची थांबल्यावर ही दुपार वाढत वाढत एवढी झाली होती. जी बरी झाल्याशिवाय नात मिळणार नव्हती, ती झोप नात नसल्यामुळेच बिघडत चालली होती.

मी मुक्ताला फोन केला. मी घरात आहे, विळी माळ्यावर टाकली आहे, एक दिवस ईराला पाठव, म्हटले. “बरं,” ती म्हणाली.

त्या दिवशी यांनी आरामखुर्ची घडी करून भिंतीला लावली आणि स्वयंपाकघरातले पाठ नसलेले स्टूल बाहेर आणले. मी मुद्दामच आतल्या खोलीत बसले. जेवण झाले, पेठ शांत झाली, समोरच्या दुकानाचे शटर खाली आले. बाहेरून चमचे वाजवल्याचा आवाज, मग यांचे पुटपुटणे, मग काहीच नाही. मी उठून दाराशी गेले. ईरा यांच्या छातीवर पालथी, तोंड उघडे टाकून झोपली होती, आणि हे ताठ बसून तिच्याकडे बघत होते. पाठ अवघडलेली, डोळ्यांत पाणी आलेले, पण पापणी मिटत नव्हती. तो मासा मला आठवला. यांनी ओठांवर बोट ठेवले आणि नजरेनेच मला परत पाठवले.

जावई ईराला घेऊन गेला. रात्री मी वाटीत तेल काढून ठेवले, पण हे भाकरीचे दोन घास खाऊन उठले आणि पानाभोवतीचे आवरण्याआधीच निजले. सकाळी दूधवाल्याच्या बेलला मीच दार उघडले. उन्हे आत आली तरी यांची कूस बदललेली नव्हती. उठल्यावर चेहऱ्यावर लहान मुलासारखे उशीचे वळ होते. “बघ,” हे म्हणाले, “तेल लागू पडलं शेवटी. सांग मुक्ताला.”

ओट्यावर वाटी होती तशीच भरलेली होती. मी ती यांना दाखवली नाही. ज्याने दुपारभर जागून काही परत मिळवले, त्याच्या श्रेयाचा धनी कोण, हा वाद मला महत्त्वाचा वाटला नाही. तेल मी लसणीच्या चटणीवर ओतले. तोच पॉलिशचा, ओल्या गवताचा वास घरभर पसरला, आणि जीभ कडवट झाली तरी ती चटणी मी सगळी खाल्ली. मग मुक्ताला सांगितले, बाबांना झोप लागली. “सोमवारी सोडू का ईराला?” तिने विचारले. मी फोन कानाशी धरूनच गोडेतेलाचा डबा उचलला आणि वरच्या फळीवर ठेवला.