पितळी सोऱ्या

पेणच्या आमच्या घरी एक पितळी सोऱ्या आहे. वडील तो पाहुण्यांच्या हातात देऊन म्हणतात, "वजन बघा. असा माल आता नाय निघत." माल खरोखरच दणकट. फक्त वडिलांनी त्यातून एकही चकली कधी पाडलेली नाही. ते काम आईचं. त्याचा दांडा फिरवायला जोर लागतो, त्यामुळे तिचा खांदा आखडल्यापासून चकल्या बंदच झाल्या. विकतच्या तिच्या घशाखाली उतरत नाहीत.

यंदा रोह्याच्या मावशीने स्टीलचा नवा सोऱ्या आणला. वडिलांनी तो हातात तोलला. "हलका आहे. टिकायचा नाय."

"मला चकल्या आज करायच्यात," आई म्हणाली आणि तिने त्यात पीठ भरलं. दांडा सहज फिरला. तळलेल्या चकल्यांनी परात भरत आली, तेव्हा वडील दोष शोधण्यासाठी आणखी एक खात होते.

पितळी सोऱ्या आता शोकेसमध्ये आहे. तिथे तो नक्की टिकेल.

त्या दिवशी आईने पिठाचे हात पुसत मावशीला विचारलं, "यात शेवेची चकती पण हाय का गो?"